कुरकुर

लिएपायात वारा वर्षभर घरात घुसतो,
त्यामुळे आवाजाला इथं सहसा कुणी दचकत नाही.
तरी स्कायद्रीते बाईंचा फोन आला.
"इल्ग्वार्स, पियानो कुरकुर करतोय.
मी त्याला काहीच म्हटलेलं नाही."

तिसरा मजला, लिफ्ट नाही, खांद्याला हत्यारांची पेटी.
काळा ग्रँड, सोव्हिएत काळात जहाजानं आलेला,
अर्धी खोली त्याची,
उरलेल्या अर्ध्यात पलंग, फिकस, आणि त्या.

आधी पियानो सोडून बाकी सगळं तपासायचं,
असं माझा मास्तर सांगायचा, आणि वर शिवी घालायचा.
मी खिडकीची काच तळव्यानं दाबून धरली,
भिंतीवरची चौकट उतरवली,
कपाटातले पेले हलवले
भांडकुदळ भावंडांसारखे लांब लांब.
मग डावीकडून एकेक पट्टी,
प्रत्येक पट्टीला सारखाच न्याय.

खर्जात काहीतरी झिणझिणलं.
तारांखाली विजेरी धरली, गजाला चिकटपट्टी लावली
आणि धुळीतून वर ओढलं एक नाणं,
लॅटच्या काळातलं. बाजारातून बाद होऊन
वर्षं झाली, आत मात्र अजून चालत होतं.
बाईंनी ते पाहिलं.
गाऊनच्या खिशात टाकलं.
कॉफी ठेवते, म्हणाल्या.

मधल्या पट्ट्यांत टक्, टक्.
हिवाळाभर हीटर चालतो, लाकूड आकसतं,
हातोड्यांचे स्क्रू सैल पडतात.
एकेकाला पाव फेरा, फार तर अर्धा.
अठ्ठ्याऐंशी वेळा वाकलो.
ते शांत झाल्यावर खोलीत घड्याळ आहे हे कळलं.

पण कुरकुर?
मी पेडल दाबलं, सोडलं. काही नाही.
हातानं दाबलं. काही नाही.
सळीला ग्रॅफाइट चोळलं, चामड्याला पावडर लावली,
स्प्रिंग काढून पुन्हा बसवली.
काहीच नाही.
त्या बसल्या, चार मात्रा वाजवल्या,
आणि पेडल सुटता सुटता:
कुर्र.

डॉक्टरसमोर ताप उतरावा तसा
तो माझ्यासमोर गप्प बसत होता.
"तुम्ही वाजवा," म्हटलं, आणि पियानोखाली आडवा झालो.

खालून पियानो वेगळाच दिसतो,
उलट्या नावेसारखा, आडव्या फळ्यांचा.
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा,
त्याखाली तपकिरी मोजे,
लोकरीच्या सपाता, त्यातली एक पेडलवर.
मी पेडलच्या दांड्याला बोट लावलं. थरथर नाही.
लाकडाला कान लावला. स्वच्छ.
मग टाच उचलली गेली
आणि आवाज आला माझ्या उजव्या कानाशी,
पियानोपासून वीतभर अलीकडे.

पियानोखाली पडून एका शहाऐंशी वर्षांच्या बाईला
हे कोणत्या शब्दांत सांगतात,
ते मास्तरानं शिकवलं नव्हतं.

"बाई," मी खालूनच म्हटलं, "गुडघा."
वाजवणं थांबलं.
मग वरून हसू आलं, लांबलचक, खोकल्यासकट.
"त्याला ग्रॅफाइट चालेल?"

स्टूल दोन वळसे वर घेतलं.
टाचेखाली बर्चचा तुकडा तासून ठेवला.
आवाज गेला नाही, जरा मागं सरकला.
वहीत लिहिलं: पेडल ठीक.
स्क्रूंचे पैसे घेतले. बाकीचे त्या देत होत्या,
मी डुकराच्या मांसाचे दोन पाव खिशात घेतले.

दुसऱ्या मजल्यावर उतरलो तेव्हा त्या पुन्हा वाजवू लागल्या.
मी थांबलो, सवयीनं.
मधल्या पट्ट्या स्वच्छ.
कुरकुर इथवर पोचत नव्हती.

आणि खर्जात,
दार, भिंत, जिना यांतून,
बारीक, ओळखीची
झिणझिण.

तिच्याबद्दल त्यांनी फोनवर
अवाक्षर काढलं नव्हतं.

पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली
आणि उरलेले जिने उतरलो.
बाहेर वारा होताच.